टाइम लावताय ना? मग तिन्ही आकडे वाचा

कमांडच्या आधी नुसतं टाइम लिहिलं की ती किती वेळ चालली ते कळतं, हे टर्मिनलवर (कमांड टाइप करायच्या खिडकीत) बसणाऱ्या बहुतेकांना माहीत असतं. पण लोक वरचा रिअलचा आकडा बघतात आणि पुढे जातात, खालचे युजर आणि सिस कुणी वाचतच नाही, आणि कामाची गोष्ट तर तिथंच लिहिलेली असते.

सोलापूरचे आहोत तर मागावरूनच सांगतो. रिअल म्हणजे अख्खी पाळी, कामगार आत आल्यापासून बाहेर पडेपर्यंत घड्याळात गेलेला सगळा वेळ. युजर म्हणजे माग प्रत्यक्ष खडखडत होता तेवढाच वेळ. मधे कांडी संपली, धागा तुटला, लाइट गेली, तर तो वेळ रिअलमध्ये येतो पण युजरमध्ये येत नाही. आणि एकच माणूस चार माग बघत असेल तर सगळ्या मागांचे तास मिळून पाळीपेक्षा जास्त भरतात ना, तसंच प्रोसेसरच्या चार कोअरवर एकाच वेळी चालणाऱ्या कमांडचं युजर रिअलपेक्षा मोठं दिसतं, त्यात काही बिघडलेलं नसतं. राहिलं सिस, ते म्हणजे कर्नलनं (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यानं) त्या कमांडसाठी केलेलं काम, फाइल उघडणं, वाचणं, मेमरी देणं वगैरे.

आता खरं उदाहरण. एका टॉवेल कारखान्याच्या बिलांचा डेटा माझ्याकडे असतो, सीएसव्ही फाइलींचा ढीग, त्यावर महिनाअखेरीला एक स्क्रिप्ट चालते. ती फार रेंगाळायला लागली तेव्हा ऑफिसात सगळे म्हणाले नवीन लॅपटॉप घ्या. टाइम लावून बघितलं तर रिअल चाळीस सेकंदांच्या आसपास आणि युजर-सिस मिळून जेमतेम तीन. म्हणजे प्रोसेसर बिचारा रिकामा बसलाय, वेळ जातोय तो फाइल येण्याची वाट बघण्यात, कारण फाइली नेटवर्कवरच्या शेअर्ड फोल्डरमध्ये. त्या आधी लॅपटॉपच्या एसएसडीवर कॉपी केल्या, मग स्क्रिप्ट चालवली, काम झालं, लॅपटॉप तोच आहे.

पण एक लक्षात ठेवा, तीच कमांड लगेच परत चालवली की ती पहिल्यापेक्षा जोरात पळते, कारण फाइल तोवर रॅममधल्या कॅशमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) येऊन बसलेली असते. म्हणून एकाच आकड्यावर काही ठरवू नका. हायपरफाइन नावाचं टूल आहे, ते कमांड पुन्हा पुन्हा चालवून सरासरी आणि आकडे किती मागेपुढे होतायत तेही सांगतं, वॉर्मअपही (मोजणीत न धरायच्या आधीच्या फेऱ्या) देता येतो, मला ते फार आवडतं.

आमच्याकडे मे महिन्यात अजून एक भानगड असते. पारा बेचाळीसच्या पुढे, दुपारी खोलीत पंखा गरम हवाच फिरवतो, लॅपटॉप तापला की प्रोसेसर स्वतःला वाचवायला स्पीड कमी करतो आणि मग युजरचा आकडासुद्धा वाढतो, म्हणजे फाइल तीच कमांड तीच तरी सकाळचं आणि दुपारचं गणित जुळत नाही. दोन स्क्रिप्टमध्ये जोरात कोण हे बघायचं असेल तर एक सकाळी आणि एक दुपारी असं अजिबात करू नका, आलटून पालटून लागोपाठ चालवा.

ओळी क्रमानं लावणाऱ्या सॉर्ट कमांडच्या आधी एलसी-ऑल बरोबर सी (LC_ALL=C) असं दिलं तर मोठ्या फाइलवर युजर चांगलंच खाली येतं, कारण मग भाषेचे नियम न लावता सरळ बाइट जुळवले जातात. डुप्लिकेट काढायला हे झकास. पण पार्टींच्या नावांची यादी छापायची असेल तर जपून, युनिकोडमध्ये ळ हा ल च्या लगेच नंतर येतो त्यामुळे काळे आधी आणि कासार नंतर लागतात, आपल्या वर्णमालेत ळ तर ह च्या पुढे.

आणि फाइलीत मजकूर शोधणाऱ्या ग्रेप कमांडचं टायमिंग घेताना आउटपुट डेव्ह-नलमध्ये (/dev/null, जे येईल ते फेकून देणारी जागा) टाकू नका. जीएनयू ग्रेपला ते कळतं आणि पहिली ओळ सापडली की तो तिथंच थांबतो, आकडा भलताच छान दिसतो. मधे पाइप (एका कमांडचं आउटपुट दुसरीला देणारी | ही खूण) लावून कॅट ही कमांड घाला, मग तो पूर्ण फाइल वाचतो. बॅश या शेलमधला (शेल म्हणजे आपण टाइप केलेल्या कमांड चालवणारा प्रोग्रॅम) टाइम हा शेलचाच कीवर्ड असल्यामुळे अख्ख्या पाइपचा वेळ मोजतो. वेगळा प्रोग्रॅम असलेला टाइम हवा असेल तर आधी बॅकस्लॅश द्या, तो फक्त पहिल्या कमांडचा वेळ मोजतो पण मायनस व्ही दिलं की जास्तीत जास्त किती मेमरी लागली तेही सांगतो.

दरवेळी टाइम लिहायचा कंटाळा येत असेल तर झी-शेल या दुसऱ्या शेलमध्ये रिपोर्टटाइम सलग कॅपिटलमध्ये (REPORTTIME) लिहून त्याला १० द्या, दहा सेकंदांपेक्षा जास्त प्रोसेसर खाणारी कमांड संपली की आकडे आपोआप येतात. फक्त तो युजर आणि सिसची बेरीज बघतो, रिअल नाही, त्यामुळे आमच्या त्या शेअर्ड फोल्डरसारखी नुसती वाट बघणारी कमांड त्यात कधीच पकडली जाणार नाही, तिथं टाइम हातानंच लावावा लागतो.