तुम्ही विचारलंत म्हणून: यशवंत घाडग्यांची समाधी इटलीत कुठे आहे?

इटलीला निघालेले लोक हे हमखास विचारतात. शाळेत कार्यक्रम करायचा असलेले शिक्षक विचारतात, आणि जुलै जवळ आला की कोकणातली मंडळीही विचारतात. उत्तर एका ओळीचं आहे: समाधी नाही. स्मारकावर कोरलेलं नाव आहे, तेही घाडगे लढाईत पडले त्या जागेपासून बरंच दूर.

नाईक यशवंत घाडगे हे माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे. जन्म 16 नोव्हेंबर 1921. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये ते होते. 10 जुलै 1944 रोजी इटलीत ते पडले, तेव्हा वय होतं 22. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळाल्याचं नोव्हेंबर 1944च्या लंडन गॅझेट या सरकारी राजपत्रात जाहीर झालं. मराठा पलटणीला दुसऱ्या महायुद्धात दोन व्हिक्टोरिया क्रॉस मिळाले, दोन्ही इटलीत. दुसरे मानकरी नामदेव जाधव. त्यांच्याकडे पुढे येऊच, कारण बराचसा घोळ तिथून सुरू होतो.

आधी जागेचं. रोमच्या आग्नेयेला साधारण 130 किलोमीटरवर कॅसिनो नावाचं गाव आहे. तिथल्या युद्धस्मशानभूमीत हिरव्या संगमरवराचे उंच खांब उभे आहेत, ते कॅसिनो मेमोरियल. इटलीच्या मोहिमेत गेलेल्या आणि ज्यांची कबर ठाऊक नाही अशा चार हजारांवर सैनिकांची नावं त्यावर कोरलेली आहेत. घाडग्यांचं नाव तिथे आहे. हे वाचून लोक पुढचा अंदाज स्वतःच बांधतात, आणि ‘मोंते कॅसिनोच्या लढाईत धारातीर्थी पडले’ असं फलकावर येतं. ते चूक आहे. मोंते कॅसिनोचा मठ 18 मे 1944 रोजी दोस्त फौजांच्या हाती आला. 4 जूनला रोम गेलं, 20 जूनला पेरुजा. जर्मन फौजा टेकडी टेकडीवर अडवत उत्तरेकडे सरकत होत्या आणि त्यांच्या मागावर दहावी भारतीय डिव्हिजन टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात चढत होती. घाडगे पडले ते या चढाईत, मोंतोने गावाच्या परिसरातल्या उंचवट्यांवर. कॅसिनोपासून हे सरळ रेषेतही दोनशेहून अधिक किलोमीटर.

कबर का नाही, हा पुढचा प्रश्न. डोंगरातल्या लढाईत हे फार घडलं. ठाणं घेतलं की पलटण तिथे थांबत नाही, पुढच्या टेकडीकडे निघते. मृतदेह मागून येणाऱ्यांनी हलवायचे असतात. तोवर तोफांचा मारा चालू, वाटेत सुरुंग, आणि घाईत लावलेली खूण पुढे टिकेलच असं नाही. ज्या हिंदू आणि शीख सैनिकांवर अग्निसंस्कार झाल्याची नोंद राहिली, त्यांच्यासाठी वेगळी स्मारकं आहेत. फोर्ली इथलं त्यातलं एक. घाडग्यांचं नाव त्या यादीत नसून कॅसिनोच्या खांबावर आहे, याचा सरळ अर्थ ‘कबर अज्ञात’ असा होतो.

म्हणून प्रत्यक्ष जायचंच तर माझ्या मते आधी मोंतोनेला जा. पेरुजाच्या उत्तरेला, उंबेर्तीदेजवळ टेकडीवर वसलेलं छोटं गाव आहे. जुलै 2023 मध्ये तिथे ‘व्ही.सी. यशवंत घाडगे सनडायल मेमोरियल’ उभं राहिलं: चालू स्थितीतलं सूर्यघड्याळ. ‘आपण सारे एकाच सूर्याखाली’ अशा अर्थाचं लॅटिन वाक्य त्यावर आहे. पुतळ्यापेक्षा ही कल्पना मला जास्त पटते, पण ते असो. पुतळा पाहायचा तर माणगावात आहेच.

कॅसिनोला गेलात तर नाव शोधताना एक ध्यानात ठेवा. अशा स्मारकांवर क्रम आधी पलटणीचा, मग हुद्द्याचा, मग वर्णाक्षरांचा. ‘घ’ किंवा इंग्रजी ‘जी’ शोधत सगळे खांब पालथे घालू नका. आधी ‘5वी मराठा’ गाठा, त्यात ‘नाईक’ हा हुद्दा, मग नाव. भारतीय सैनिकांचं पूर्ण नाव आडनावासारखं एकत्र नोंदवण्याची पद्धत होती, म्हणून ‘यशवंत’चा ‘वाय’ही पाहा. पलटणीच्या नावात ‘मराठा’चं जुनं इंग्रजी स्पेलिंग आहे, मध्ये ‘एच’ आणि दोन ‘टी’ असलेलं: Mahratta. नेटवर शोधतानाही तेच वापरावं लागतं.

आता त्या दिवशी काय झालं, ते. भाषणांत ऐकू येतं त्यापेक्षा मूळ सायटेशन, म्हणजे पदक का दिलं हे सांगणारा अधिकृत मजकूर, बरंच कोरडं आहे आणि म्हणूनच जास्त अंगावर येतं. कंपनीने पक्क्या ठाण्यावर हल्ला चढवला. घाडग्यांच्या सेक्शनवर अगदी जवळून मशिनगन सुरू झाली. सेक्शन म्हणजे कागदावर दहाएक माणसं. रायफली, एक ब्रेनगन (हलकी मशिनगन) आणि कमांडर नाईकाकडे टॉमी गन (हातात धरून झाडायची छोटी मशिनगन). त्या माऱ्यात कमांडर सोडून सगळे ठार किंवा जखमी झाले. सोबत यायला कुणी उरलेलं नाही हे पुरतं ठाऊक असूनही नाईक घाडगे मशिनगनवर धावून गेले, असं सायटेशन म्हणतं. आधी हातबॉम्ब टाकला. मशिनगन आणि ती चालवणारा, दोन्ही संपले. मग टॉमी गनने एकाला टिपलं. उरले दोघे. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, तेव्हा बंदूक नळीकडून धरून त्या दोघांना झोडपून मारलं.

‘वेळ नव्हता’ म्हणजे काय ते या हत्याराचा हिशेब केला की कळतं. टॉमी गनच्या मॅगझिनमध्ये 20 किंवा 30 गोळ्या मावतात आणि ती मिनिटाला सहाशे-सातशेच्या वेगाने झाडते. चाप दाबून धरला तर 20 गोळ्या दोन सेकंदांत संपतात. रिकामं मॅगझिन काढायचं, पट्ट्यातल्या पाउचमधून भरलेलं ओढायचं, खाचेत बसवायचं; मोकळ्या मैदानावर हे काही सेकंदांचं काम, पण शत्रू हातभरावर असताना ते सेकंद मिळत नाहीत. बंदुकीचं वजन साडेचार-पाच किलो, लाकडी दस्ता मागे. नळीकडून धरली की सारा भार पुढच्या टोकाला जातो. गोळ्या झाडल्यावर नळी तापलेली असते, हेही विसरू नये. हातबॉम्बचंही तसंच. मिल्स बॉम्बची पिन काढून लिव्हर सुटली की साधारण चार सेकंद. लवकर टाकला तर समोरचा परत फेकू शकतो, हातात जास्त धरला तर आपलाच घात.

शेवट असा: शत्रूच्या नेमबाजांनी छातीत आणि पाठीत गोळ्या घातल्या आणि एकट्याने जिंकलेल्या त्याच ठाण्यात त्यांनी प्राण सोडला. पाठीत गोळी हा तपशील काही भाषणांतून गाळला जातो. गाळू नका. शत्रूच्या ठाण्यात एकटा शिरलेल्या माणसावर चहूबाजूंनी गोळ्या येतात, एवढाच त्याचा अर्थ.

आणि ‘बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय’ ही गर्जना? पलटणीची आहे, खरी आहे. पण मराठा युद्धगर्जनेचा उल्लेख नामदेव जाधवांच्या सायटेशनमध्ये येतो, घाडग्यांच्या नाही. 9 एप्रिल 1945, सेनिओ नदी. जाधवांनी जखमी साथीदारांना नदीपार आणलं, मशिनगनची ठाणी बंद पाडली आणि बांधावर चढून गर्जना करत बाकीच्या कंपन्यांना पुढे बोलावलं. ते जगले, गावी परतले, 1984 मध्ये वारले. पहिल्या बटालियनचे, नगर जिल्ह्यातले. टॉमी गन आणि हातबॉम्ब दोन्ही कथांत असल्यामुळे दोन माणसांचं एक करून टाकणं सोपं जातं.

फलकावरची आणखी एक नेहमीची चूक म्हणजे ‘परमवीरचक्र विजेते यशवंत घाडगे’. परमवीरचक्र 26 जानेवारी 1950 रोजी सुरू झालं आणि 15 ऑगस्ट 1947 पासूनच्या पराक्रमांनाच ते मिळतं. ‘व्ही.सी.’ वाचून ‘वीरचक्र’ लिहिणारेही आहेत. मजकूर एवढा पुरतो: नाईक यशवंत घाडगे, व्हिक्टोरिया क्रॉस (मरणोत्तर), 3री बटालियन, 5वी मराठा लाइट इन्फंट्री, जन्म पळसगाव, ता. माणगाव, वीरमरण 10 जुलै 1944, टायबरचं वरचं खोरं, इटली. जिल्हा लिहायचा तर आजचा रायगड, पण जुने कागद शोधताना कुलाबा. रायगड हे नाव 1981 मधलं.

राहता राहिली ती सेक्शन. ठार किंवा जखमी झालेली ती माणसं कोण होती, हे सहसा कुणी विचारत नाही. युद्धातल्या कबरींची आणि स्मारकांची नोंद ठेवणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर नाव रिकामं ठेवून तारीख 10 जुलै 1944, सेना भारतीय आणि पलटण पाचवी मराठा, असा शोध घेता येतो. आठवडाभर पुढची तारीखही पाहा, कारण जखमी नंतर इस्पितळात गेलेले असू शकतात. नोंदीत बापाचं नाव, गाव आणि जिल्हा दिलेला असला तर तोही टिपून घ्या. ‘सातारा’ असेल तर ते गाव आज सांगली जिल्ह्यात असू शकतं, ‘रत्नागिरी’ असेल तर सिंधुदुर्गात. आणि घरात जुनं पदक असेल तर त्याची कडा आणि मागची बाजू भिंगाखाली धरा: भारतीय सैनिकांना दिलेल्या पदकांवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. नंबर मिळाला की बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरला विचारताना स्पेलिंगवर अडून राहावं लागत नाही.