एमएम 540 चे फ्लायव्हील

आमची महिंद्रा एमएम 540 ही जीप 1993 सालची. वडिलांनी ती घेतली तेव्हा मी शाळेत होतो आणि गेल्या मे महिन्यात तिचा क्लच तिसऱ्यांदा उतरवावा लागला. त्याआधीच्या खेपेस आम्ही काटकसर म्हणून केवळ क्लच प्लेट बदलली होती. ही प्लेट ज्यावर दाबली जाते त्या, इंजिनाच्या मागच्या जड चकतीकडे, म्हणजे फ्लायव्हीलकडे, बॅटरीच्या उजेडात एकदा पाहिले आणि "चालेल" म्हणून गिअरबॉक्स परत चढवला. ती प्लेट दोन पावसाळेही टिकली नाही.

कुंभार्ली घाटात तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की इंजिनाचा आवाज चढायचा, वेग मात्र होता तिथेच राहायचा. इगतपुरीच्या कारखान्यात प्यूजोच्या परवान्याखाली तयार झालेले हे 2112 सीसीचे, टर्बो नसलेले डिझेल इंजिन जेमतेम 62 हॉर्सपॉवरचे आहे. एवढ्या माफक ताकदीसमोर प्लेट घसरत असेल तर तिच्यात काही उरलेले नाही, हे उघड होते. तरीही सपाट जागी हँडब्रेक ओढून, ब्रेकवर पाय ठेवून, चौथा गिअर टाकून मी क्लच सोडून पाहिला. क्लच ठीक असता तर इंजिन तत्काळ बंद पडले असते. ते गुरगुरत राहिले आणि खालून करपल्याचा वास आला. ही चाचणी एकदाच करावी, कारण प्रत्येक वेळी ती उरलीसुरली प्लेटही जाळते.

दोष गाडीचा नव्हता. चिपळूणजवळच्या आमच्या वाडीत घराकडे येणारी मातीची चढण आहे आणि घराच्या नव्या बांधासाठी लागणारे जांभ्याचे चिरे ट्रेलरमध्ये भरून त्या चढणीवर आम्ही रिव्हर्समध्ये नेत होतो. या जीपमध्ये पुढची चाके जोडल्याखेरीज लो रेंज, म्हणजे हळू पण जास्त जोराची गिअरजोडी, लागत नाही, आणि ती लावण्यासाठी गाडी पूर्ण थांबवून दुसरा दांडा ओढावा लागतो. तेवढाही कंटाळा करून आम्ही हाय रेंजमध्येच अर्धा क्लच दाबून ट्रेलर रेटत राहिलो. लो रेंजमध्ये वेग सुमारे अडीच पटीने कमी होतो आणि पायाखालचा क्लच पूर्ण सोडता येतो. हाय रेंजमध्ये रिव्हर्सचा तोच वेग राखायचा तर प्लेट घासत ठेवण्यावाचून पर्याय नसतो.

उतरवण्याचे काम अवघड नाही, पण वजनाचे आहे. आधी बॅटरीची तार काढली, आतल्या बाजूने गिअरच्या दांड्यांभोवतीचे पत्र्याचे झाकण उचलले, चाकांकडे ताकद नेणारे पुढचा आणि मागचा असे दोन्ही प्रोपेलर शाफ्ट खुणा करून सोडवले. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा) ज्या आडव्या पट्टीवर टेकलेले असतात ती पट्टी सोडण्यापूर्वी इंजिनाच्या सम्पखाली, म्हणजे तळाच्या ऑइलच्या भांड्याखाली, लाकडाचा ठोकळा ठेवून जॅक लावला, कारण त्याशिवाय इंजिन मागच्या अंगाला कलते आणि रेडिएटरच्या पाइपांवर ताण येतो. मिस्त्रींनी गिअरबॉक्समधले ऑइल आधीच काढून घेतले होते. मागच्या वेळी आम्ही ते काढले नव्हते, आणि अंगणातला तो डाग अजून दिसतो.

प्लेट रिव्हेटपर्यंत झिजली होती आणि रिव्हेटच्या डोक्यांनी फ्लायव्हीलवर दोन गोल चर पाडले होते. खरी गोष्ट मात्र त्या चरांच्या बाजूला होती. पृष्ठभागावर जागोजाग निळसर काळे डाग आणि त्यांच्यामधून केंद्राकडून कडेकडे गेलेल्या बारीक भेगा होत्या. अशा डागांच्या ठिकाणी बिडाचा पोतच उष्णतेने बदललेला असतो आणि ती जागा आजूबाजूच्या धातूपेक्षा कितीतरी कठीण होते. लेथची हत्यारे तिच्यावरून उसळतात आणि गुळगुळीत दिसणाऱ्या पृष्ठभागावर उंचवटे शिल्लक राहतात. म्हणून अशा फ्लायव्हीलला लेथपेक्षा ग्राइंडिंग बरे. त्या उंचवट्यांवर नवी प्लेट बसवली की ती सलग पकडत नाही, गाडी सुटताना थरथरते आणि त्याच जागा पुन्हा तापतात. आमची आधीची प्लेट अशीच संपली असणार.

ग्राइंडिंगचा विचार मिस्त्रींनी एका वाक्यात संपवला. "दादा, भेग नखाला लागत्येय, म्हणजे ती वरवरची नाय." फ्लायव्हील फुटले तर बेलहाउसिंग, म्हणजे त्याच्याभोवतीचे धातूचे कवच, फोडून बाहेर येते आणि जीपमध्ये बेलहाउसिंगच्या वर माणसाचे पाय असतात. त्यामुळे दुसरे फ्लायव्हील शोधणे भाग होते. ते मुंबईत कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात मिळाले. बोल्टची भोके, रिंग गिअरच्या (स्टार्टर ज्याला फिरवतो त्या कडेच्या दातेरी कड्याच्या) दात्यांची संख्या आणि टायमिंगची खूण या तिन्ही गोष्टी जुन्याशी ताडून मगच ते घेतले. चार सिलिंडरचे इंजिन बंद होताना बहुतेक वेळा ठरावीक दोन जागांवरच थांबते, म्हणून स्टार्टरमुळे रिंग गिअरचे दातेही समोरासमोरच्या दोन पट्ट्यांतच जास्त झिजतात. या रिंगची तीच अवस्था होती, म्हणून नवी रिंग भट्टीत तापवून बसवून घेतली.

हे आणलेले फ्लायव्हीलही घासून घ्यायचे होते, आणि घासकामाच्या बाबतीत एक सूचना कारागिराला लिहूनच द्यावी. प्लेट टेकते त्या भागातून जितका धातू काढला तितकाच प्रेशर प्लेटचे (स्प्रिंगांच्या जोराने क्लच प्लेट दाबून धरणाऱ्या तबकडीचे) कव्हर बसते त्या कडेवरूनही काढायला हवा. आतलाच भाग खोल गेला तर स्प्रिंगांचा दाब घटतो आणि कोरा क्लच पहिल्याच दिवशी अर्धा झिजल्यासारखा वागू लागतो. आमचे फ्लायव्हील पहिल्यांदा असेच चुकीचे घासून आले आणि परत पाठवावे लागले.

गिअरबॉक्स खाली आहे तोवर क्रँकच्या मागचे ऑइल सील, पायलट बेअरिंग आणि रिलीज बेअरिंग बदलून टाकले. या तिन्हींची किंमत मजुरीच्या मानाने नगण्य आहे, आणि सीलमधून गळणारे ऑइल प्लेटच्या नव्या लायनिंगवर (घासणाऱ्या थरावर) पडले की सगळे काम पुन्हा करावे लागते. बेलहाउसिंगमधली काळी धूळ हवेच्या पाइपाने उडवू दिली नाही, ओल्या फडक्याने पुसून घेतली. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. फ्लायव्हीलचे बोल्ट नवे घेतले आणि समोरासमोरच्या जोड्यांनी, टॉर्क रेंचने आवळले. फ्लायव्हील फिरवून डायल गेजवर मोजलेला फेर, म्हणजे पृष्ठभागाचे डोलणे, 0.06 मिमी आला. गिअरबॉक्सच्या एका जुन्या इनपुट शाफ्टने प्लेट मध्यावर धरून प्रेशर प्लेट बसवली, त्यामुळे गिअरबॉक्स दुसऱ्याच प्रयत्नात आत गेला.

अलीकडच्या अनेक डिझेल गाड्यांत फ्लायव्हील दोन भागांचे असून मध्ये स्प्रिंगा असतात. ते घासून वापरायची सोय नसते आणि त्याची किंमत ऐकून माझ्या मेहुण्याने आपली गाडीच विकायला काढली. बिडाची एक जड तबकडी असलेली जीप अशा वेळी फार समंजस वाटते.

क्लच पेडलचा फ्री प्ले (सुरुवातीची मोकळी हालचाल) एक इंच ठेवला आहे आणि सुरुवातीचे 500 किलोमीटर ट्रेलर जोडला नाही. त्यानंतर उरलेले चिरे आणायला गेलो तेव्हा चढणीच्या पायथ्याशी गाडी थांबवली, पुढची चाके जोडली, दांडा लोवर ओढला आणि पेडलवरून पाय उचलून फळीवर ठेवला. घर येईपर्यंत तो परत क्लचवर न्यावा लागला नाही.