मोबने मारावं, लाईनने नाही

माइनक्राफ्टच्या सर्व्हायव्हल सर्व्हरवर, म्हणजे जिथे सगळे मिळून जगून दाखवायचा खेळ खेळतात तिथे, खेळाडू मेला की त्याला कारण पटलं पाहिजे. क्रीपरसारखा मोब (खेळातला राक्षस) मागून आला, लाव्हाचा अंदाज चुकला, खाणीत भाकरी संपली, हे पटतं. तो चार शब्द बोलतो आणि पुन्हा लाकूड तोडायला लागतो. पण डीपी उडाली म्हणून मेला, टॉवरची रेंज गेली म्हणून मेला, किंवा ॲडमिनच्या दोस्ताकडे पहिल्याच रात्री हिऱ्याचं चिलखत आलं म्हणून मेला, तर तो पोट्टा दुसऱ्या दिवशी येत नाही. विदर्भातल्या खेड्यातून सर्व्हर चालवायचा तर सगळी मेहनत इथेच लागते: जग कठीण असावं, आणि ते सगळ्यांना सारखंच कठीण असावं.

पुढचं सगळं माइनक्राफ्ट जावा एडिशन, पेपर नावाचं सर्व्हर सॉफ्टवेअर आणि पंधरा-वीस खेळाडू धरून लिहिलं आहे. त्यातले बरेच मोबाइलवरून, म्हणजे बेडरॉक या दुसऱ्या एडिशनवरून येणार. त्यांच्यासाठी गायझर आणि फ्लडगेट ही दोन प्लगइन (सर्व्हरला जोडायची छोटी सॉफ्टवेअर) टाकावी लागतात.

आधी लाईटचं बघा

लाईट गेली की सर्व्हर बंद पडतो, एवढंच लोकांना दिसतं. त्यातून हिरे दुप्पट होतात हे कोणी बघत नाही. सर्व्हर जगाचे चंक (१६ गुणिले १६ ब्लॉकचे तुकडे) वेगळे लिहितो आणि खेळाडूची फाईल वेगळी. ऑटोसेव्ह मुळात दर ६००० टिकनंतर (टिक म्हणजे सर्व्हरच्या घड्याळाचा ठोका, सेकंदाला २०), म्हणजे ५ मिनिटांनी एकदा होतो. एखाद्याने हिरे पेटीत टाकले, पेटीचा चंक डिस्कवर गेला, खेळाडूची फाईल जायची राहिली आणि तेवढ्यात लाईन गेली, तर परत चालू झाल्यावर हिरे पेटीतही असतात आणि त्याच्या खिशातही. क्रम उलटा झाला तर दोन्हीकडून गायब. पहिला गप्प बसतो, दुसरा भांडायला येतो, आणि दोघांचंही खरं असतं.

म्हणून मशीन झटक्यात बंद पडू द्यायचीच नाही. घरच्या इन्व्हर्टरवर मागे यूपीएस आणि नॉर्मल असं बटन असतं. नॉर्मलवर लाईन बदलायला इतका वेळ जातो की कॉम्प्युटर रीस्टार्ट होऊ शकतो, म्हणून यूपीएसवर ठेवा. पण यूपीएस मोड साधारण १८० व्होल्टच्या खाली लाईन स्वीकारत नाही. घर वावरात असेल, किंवा गावठाणाचा फीडर अजून वेगळा झाला नसेल, तर रातपाळीची थ्री-फेज आली की शिवारातले पंप एकदम उठतात, व्होल्टेज बसतं, आणि लाईट असूनही इन्व्हर्टर बॅटरीवर चालत राहतो. बल्ब पिवळा पडलेला, पंखा संथ, आणि सकाळी बॅटरी रिकामी. अशा ठिकाणी इन्व्हर्टरच्या आधी स्टॅबिलायझर लावा, किंवा इन्व्हर्टर नॉर्मलवर ठेवून फक्त कॉम्प्युटर आणि राउटरला ६०० व्हीएचा छोटा यूपीएस द्या. दुसरा मार्ग स्वस्त पडतो.

हिशेब सोपा आहे. १२ व्होल्ट, १५० एएचची बॅटरी म्हणजे १८०० वॅट-तास. हाती येतात १४०० च्या आसपास. मॉनिटर नसलेला कॉम्प्युटर आणि राउटर मिळून ८० वॅट धरले, त्याच बॅटरीवर घरचे दोन पंखे आणि तीन दिवे असले, तर साडेपाच तास. बॅटरी जुनी असेल तर निम्मेच समजा.

घरच्या इन्व्हर्टरला लाईन गेल्याचं कॉम्प्युटरला सांगता येत नाही. त्यावर जुगाड चालतो: एक जुना वायफाय रिपीटर इन्व्हर्टरवर न लावता थेट मेन लाईनच्या बोर्डावर लावायचा, आणि सर्व्हरवरून दर ३० सेकंदांनी त्याला पिंग करायचं, म्हणजे चालू आहेस का असं विचारायचं. दहा मिनिटं उत्तर आलं नाही की चॅटमध्ये सूचना, तीन तास उत्तर आलं नाही की पाच मिनिटांची मुदत देऊन रीतसर स्टॉप. रीतसर स्टॉप झाला की सगळं एकत्र लिहिलं जातं. वाढलेलं काही राहत नाही, हरवलेलंही नाही.

उन्हाळ्यात कुलरची हवा कॅबिनेटवर सोडू नका. पाण्याचा बारीक फवारा आणि धूळ दोन्ही आत जातात. बाजूची झाकणं काढून, भिंतीपासून वीतभर लांब ठेवलेली मशीन पुरेशी थंड राहते. मे महिन्यात दुपारी टिक रेट २० वरून १४-१५ वर आला तर प्लगइनला दोष देण्याआधी प्रोसेसरचं तापमान बघा.

नेट

बहुतेक मोबाइल नेटवर आणि बऱ्याच फायबर कनेक्शनवर आता सीजीनॅट असतो, म्हणजे एकाच पब्लिक आयपीमागे अनेक घरं. राउटरमध्ये २५५६५ पोर्ट उघडून काही होत नाही. ऑपरेटरकडून पब्लिक आयपी घ्या, नाहीतर मुंबईतला छोटा व्हीपीएस (भाड्याचा सर्व्हर) घेऊन त्यातून टनेल, म्हणजे घरच्या सर्व्हरपर्यंतचा आडमार्ग, काढा. टनेलचं दुसरं टोक परदेशात असलेली फुकटची सेवा घेतली की सगळ्यांचा पिंग, म्हणजे उत्तर यायला लागणारा वेळ, वाढतो आणि तलवारीचे वार हवेत जातात.

सीजीनॅटमुळेच आयपी बॅन कधीही करू नये. एका चोराला काढायला जाल आणि त्याच आयपीमागचे तीन निरपराध बाहेर पडतील. व्हाइटलिस्ट (आत येऊ द्यायच्या खेळाडूंची यादी) चालू ठेवा, ऑनलाइन-मोड (खातं खरं आहे का याची तपासणी) चालू ठेवा, बॅन खात्यावर करा. ऑनलाइन-मोड बंद केला की कोणीही कोणाच्याही नावाने आत येतो, ॲडमिनच्या नावानेही.

व्ह्यू-डिस्टन्स (किती चंकांपर्यंत दिसतं) ६ आणि सिम्युलेशन-डिस्टन्स (किती चंकांपर्यंत जग हलतं) ५ केलं तर मोबाइल डेटावरच्यांना त्रास कमी होतो. इथे एक चूक सगळे करतात: पेपरसोबत येणाऱ्या स्पिगॉटच्या सेटिंग फाईलमधला मोब-स्पॉन-रेंज (खेळाडूपासून किती चंकांपर्यंत मोब उगवतात) ८ च ठेवतात. तो ४ करा. आणि मग तितकेच मोब लहान जागेत गोळा होतात, म्हणून तशाच बुकिटच्या फाईलमधली मॉन्स्टरची मर्यादा ७० वरून ४०-४५ वर आणा. पेपरमधली दर-खेळाडू मोब मोजणी चालूच राहू द्या. ती बंद असली की एकाचा मोठा मोब फार्म (मोब गोळा करून मारायची जागा) सगळी मर्यादा खातो आणि बाकीच्यांच्या रात्री ओसाड जातात.

कठीणपणा

डिफिकल्टी हार्ड. यावर आमच्याकडे चर्चा नाही. हार्डवर भूक शेवटचं हृदयही घेते. नॉर्मलवर ती अर्ध्या हृदयावर थांबते. झोंबी लाकडी दार फोडतो. झोंबीने गावकरी मारला तर तो गावकरी नक्की झोंबी होतो, नॉर्मलवर निम्म्या वेळाच. शिवाय गेममध्ये एक सुरेख सोय आधीच आहे: एका चंकमध्ये खेळाडूंनी जितका वेळ काढला तितकी तिथली स्थानिक डिफिकल्टी चढते, आणि ती वाढ ५० तासांवर पूर्ण होते. जुन्याच्या अंगणात चिलखत घातलेले झोंबी जास्त येतात, नव्याच्या झोपडीजवळ कमी. गेमने केलेला हा समतोल मोडून मोबची हेल्थ दुप्पट करणारी प्लगइन टाकू नका. माउसवाल्याला त्याने दोन वार जास्त पडतात, बोटाने स्क्रीन दाबणाऱ्याचा जीव जातो.

झोपेची टक्केवारी ५० ठेवा. एकाच्या झोपण्याने रात्र जाऊ दिली तर रात्र उरतच नाही, आणि शंभर ठेवली तर खाणीत असलेला एकटा सगळ्यांना ताटकळवतो.

कीप-इन्व्हेंटरी बंद. मेल्यावर सामान सांडलंच पाहिजे, नाहीतर भीती कशाची? मात्र सांडलेल्या सामानाची ५ मिनिटं फक्त तो चंक लोड असताना मोजली जातात. एकटा मेला आणि त्याच क्षणी नेट गेलं, तर सामान त्याची वाट बघत तसंच पडून राहतं. शेजारी दुसरा कोणी फिरत असेल तर पाच मिनिटांत साफ. ही विषमता काढायला थडग्याचं प्लगइन टाका: ३० मिनिटं सामान फक्त मालकाचं, नंतर ज्याला सापडेल त्याचं. अनुभवाचे गुण परत देऊ नका.

ज्याला तासभर मिळतो तो

हॉस्टेलवरचा पोट्टा दिवसाचे दहा तास खेळतो. वावरातून आलेला रात्री जेवल्यावर एक तास. दोघं बरोबरीला येणार नाहीत, यायची गरजही नाही. पण पहिल्याने दुसऱ्याचं दार बंद करू नये.

एंड, म्हणजे खेळातलं शेवटचं जग, पहिल्या दिवशी उघडा ठेवला की चार जण पहिल्याच आठवड्यात सगळी जहाजं लुटतात, आणि एका जहाजात एलिट्रा (उडायचे पंख) एकच असतो. बुकिटच्या फाईलमध्ये एंड बंद ठेवा, तिसऱ्या आठवड्यातल्या रविवारी रात्री ९ वाजता सगळ्यांसमोर उघडा. एंडची बॉर्डर सुरुवातीला मध्यापासून २५०० ब्लॉकपर्यंत, मग दर महिन्याला १००० ने पुढे. उशिरा आलेल्यालाही न लुटलेलं जहाज सापडतं.

मुख्य जगाची बॉर्डर १०,००० ब्लॉक रुंद घेतली तर ६२५ गुणिले ६२५, म्हणजे ३,९०,६२५ चंक होतात. ते चंकी प्लगइनने आधीच तयार करून ठेवा. जुन्या मशीनला एखादी रात्र नाही, दोन-तीन लागतील, पण मध्येच थांबवून पुढे चालू करता येतं. बॉर्डर फार लहान करू नका. एंडकडे नेणाऱ्या किल्ल्यांचं पहिलं कडं मध्यापासून १२८० ते २८१६ ब्लॉकमध्ये असतं, आणि त्यात फक्त तीन किल्ले. बॉर्डर मध्यापासून १००० वर आखली तर एंडचा रस्ताच राहत नाही. आणि हे महिन्याभराने कळतं.

जमिनीच्या दाव्यांसाठी, म्हणजे आपल्या जागेत दुसऱ्याने तोडफोड करू नये म्हणून, ग्रीफप्रिव्हेन्शन हे प्लगइन चांगलं, पण ते मुळात दर तासाला १०० ब्लॉक देतं. म्हणजे जो जास्त वेळ बसला त्याची जमीन जास्त. आम्ही ही वाढ शून्य करून सगळ्यांना सुरुवातीलाच २००० ब्लॉक देण्याच्या बाजूचे आहोत. पंचेचाळीस गुणिले चव्वेचाळीसचं आवार मजेत बसतं. गैरहजेरीने दावा सुटण्याची मुदत १५० दिवस करा. सोयाबीन सोंगणीला गेलेला माणूस तिथून थेट कापूस वेचणीत अडकतो, तो उलंगवाडीनंतरच मोकळा होतो. त्याचं घर तेव्हाही उभं असलं पाहिजे.

सर्व्हरने माल विकत घेणारं दुकान उघडू नका. लोखंडाचा ऑटो फार्म रात्रभर चालतो आणि आठवड्यात पैशाला किंमत राहत नाही. खेळाडूंचीच दुकानं, भाव हिऱ्यांत. आठवडी बाजारासारखं आपोआप जमतं.

एक्स-रे कसा ओळखायचा

एक्स-रे म्हणजे दगडाआडचे धातू बघायची लबाडी. ती रोखायला पेपरमध्ये अँटी-एक्सरे आहे, पण मुळात बंद असतो. मोड १ जमिनीत गाडलेले धातू दगड म्हणून दाखवतो. मोड २ खोटे धातू पेरतो, त्याला डेटा जास्त लागतो. मोड ३ तेच थरागणिक करतो, म्हणून पॅकेट जास्त दाबलं जातं. कमजोर नेटवर मोड २ ऐवजी हाच घ्या. जगाचा सीड (ज्या आकड्यावरून जग बनतं तो) कोणाला दिसू देऊ नका, आणि जग बनवण्याआधीच स्पिगॉटच्या फाईलमधले वास्तूंचे सीड बदलून टाका.

तरी शंका आली तर कोअरप्रोटेक्टमधून (कोणी काय फोडलं याची नोंद ठेवणारं प्लगइन) त्याने फोडलेल्या हिऱ्यांची यादी काढा आणि त्या जागी स्वतः जाऊन बोगदा बघा. हिरे उणे ५९ च्या पातळीला भरपूर मिळतात, त्यामुळे तिथला सरळ लांब बोगदा निर्दोष आहे. सरळ बोगद्याला फांद्या फुटतात, बहुतेक रिकाम्या जातात, मशाली लागलेल्या असतात. एक्स-रेवाल्याचा बोगदा सरळ चालता चालता अचानक डावीकडे वळतो, सहा ब्लॉक जातो, तिरपा दोन ब्लॉक खाली उतरतो आणि बरोबर हिऱ्यावर थांबतो. रिकामी फांदी एकही नाही, मशालही नाही. असे चार-पाच वळण सलग मिळाले की बोला. एका वळणावर कोणाला चोर ठरवू नका.

भांडणातून पळालेला

लढाईत कनेक्शन तुटलं की मारून टाकणारी प्लगइन शहरातल्या फायबरवर ठीक आहेत. आपल्याकडे ती निरपराधाला मारतात. लॉगमध्ये टाइम्ड आउट आलं म्हणजे खरंच रेंज गेली असंही नाही. मोबाइल डेटा मुद्दाम बंद केला तरी तेच दिसतं. म्हणून एका घटनेवरून काही ठरत नाही. “भाऊ, लाईन गेली होती” म्हणणाऱ्याचं पहिल्यांदा ऐकावं, दुसऱ्यांदाही ऐकावं. तारीख, वेळ आणि त्या क्षणीची त्याची हेल्थ लिहून ठेवावी. ज्याची रेंज दर वेळी तीन हृदयं उरल्यावरच जाते, त्याचा कागद स्वतःच बोलतो. त्याला महिनाभर लढाईबाहेर ठेवा. त्याचं घर, सामान तसंच राहू द्या.

मोबाइलवाल्याला माउसवाल्याशी जबरदस्तीने लढवू नका. दोघांनी होकार दिला तरच वार लागावा, आखाडा तेवढा अपवाद.

ॲडमिनचे हात

सगळ्यात मोठा अन्याय इथूनच होतो. ज्या खात्याने खेळता त्याला ऑप (ॲडमिनचे सगळे हक्क) देऊ नका. दुसरं खातं ठेवा, लकपर्म्स या हक्क वाटणाऱ्या प्लगइनमधून त्याला बघण्याचे आणि रोलबॅकचे (झालेली तोडफोड मागे घेण्याचे) हक्क द्या, वस्तू देण्याचा हक्क कोणालाच नको. लाईन गेल्यामुळे कोणाचं खरंच नुकसान झालं आणि भरून द्यावं लागलं, तर कोणाला, काय, किती आणि का, हे त्याच दिवशी ग्रुपवर टाका. रोलबॅक करताना नाव, वेळ आणि अंतर तिन्ही द्या. अंतर मोठं ठेवलं तर शेजाऱ्याच्या शेतातलं त्या माणसाने केलेलं प्रामाणिक कामही मागे जातं.

नवं जग दहावी-बारावीचे पेपर संपल्यावर, एप्रिलमध्ये सुरू करा. वावरात काम कमी, पोट्टे मोकळे, दुपारी बाहेर निघवत नाही. तारीख तीन आठवडे आधी सांगा. जुनं जग बंद करताना त्याची झिप सगळ्यांना द्या, ज्याला आपलं घर परत बघायचं असेल तो घरच्या कॉम्प्युटरवर उघडून बघेल. मोबाइलवाल्यांसाठी शेवटचे दोन दिवस सर्व्हर चालू ठेवून त्यांना हवे तितके स्क्रीनशॉट काढू द्या.