चिंचोळ्या पट्टीचा चकवा

नकाशावर पनामाची संयोगभूमी, म्हणजे दोन खंडांना जोडणारी जमिनीची चिंचोळी पट्टी पाहिली, की अटलांटिक आणि पॅसिफिक हे दोन महासागर जेमतेम बोटाच्या पेराएवढ्या अंतरावर असल्यासारखे वाटतात. मध्य अमेरिकेतून आरपार रस्ते आणि लोहमार्ग नेण्याच्या एकोणिसाव्या शतकातल्या अनेक योजनांना याच पेराने चकवले, असे माझे मत आहे. (जमिनीची वळणेही अशी, की पनामाच्या गाडीने अटलांटिककडून पॅसिफिककडे जाणारा माणूस प्रत्यक्षात पूर्वेकडे सरकतो.)

सिद्धीस गेलेली पहिली योजना पनामाचीच. १८४८ मध्ये कॅलिफोर्नियात सोने सापडले आणि न्यूयॉर्कहून निघालेल्या माणसांची रीघ या वाटेला लागली. छाग्रेस नदीत होडी आणि पुढे खेचर, असा तो प्रवास होता. न्यूयॉर्कचे व्यापारी विल्यम ॲस्पिनवॉल आणि त्यांच्या भागीदारांनी १८५० मध्ये किनाऱ्यावरच्या दलदलीत काम सुरू केले, पण १८५१ अखेर जेमतेम सात मैल रूळ पडले होते, पैसा संपत आला होता आणि कंपनीच्या शेअरला विचारणारा कोणी उरला नव्हता. त्याच सुमारास वादळामुळे नदीच्या मुखाशी उतरता न आलेले सुमारे हजार उतारू लिमोनच्या उपसागरात उतरले आणि आम्हाला आहे तेवढ्या रुळांवरून गातून या गावापर्यंत न्या, असा हट्ट धरून बसले. मालवाहू डब्यांतून त्यांना नेले गेले. ती बातमी न्यूयॉर्कला पोहोचली आणि शेअर वधारला. पुढचे रूळ एका अर्थी या अडून बसलेल्या उतारूंनीच घातले.

सुमारे ७६ किलोमीटरचा हा मार्ग जानेवारी १८५५ मध्ये पुरा झाला आणि पहिल्या वर्गाचे भाडे ठरले २५ डॉलर. किती मजूर मेले, याची पूर्ण नोंद कंपनीने ठेवली नाही. बेवारस मृतदेह मात्र पिंपांत भरून वैद्यकीय शाळांना विकले जात, आणि या एका गोष्टीपुढे मला त्या भाड्याचा हिशेब सुचेनासा होतो.

मेक्सिकोतल्या तेवांतेपेकची पट्टी सुमारे दोनशे किलोमीटर रुंद. तिथे रेल्वेचे परवाने १८४२ पासून हातोहात फिरत राहिले. त्यातली माझी आवडती योजना मिसिसिपीवर पूल बांधणारे अभियंते जेम्स ईड्स यांची: आख्खे जहाज मालासकट चाकांच्या पाळण्यावर चढवायचे आणि समांतर रुळांवरून, अनेक इंजिने जोडून, दुसऱ्या समुद्रात नेऊन सोडायचे. एवढ्या लांब पाळण्याला अरुंद वळण घेता येणार नाही, म्हणून मार्गाची दिशा जिथे बदलते तिथे जहाजच फिरवून घेणारी प्रचंड चक्रे त्यांनी आराखड्यात दाखवली होती. ईड्स १८८७ मध्ये वारले. १८९४ मध्ये तेवांतेपेकला एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत गाडी पोहोचली, ती मात्र साधी, माणसांची आणि मालाची.