पाव्हणं

रविवार. जोतिबाची यात्रा होऊन आठवडा उलटला.

सकाळपासून एकच शब्द कानात बसलाय. पाव्हणं.

आक्कांची धाकटी सून कळशी घेऊन विहिरीवर आली. मी पोहरा सोडत होतो, दोराचं वेटोळं माझ्या पायाशी पडलेलं. ती म्हणाली, "पाव्हणं, दोर पायात घेऊ नका." एवढंच. कळशी भरली आणि गेली. तिचं काहीच चुकलं नाही. आपल्याकडं एसटीत म्हणतात, बाजारात म्हणतात, अनोळखी माणसाला मान देऊनच म्हणतात. पण या काठावर मला कुणी पाव्हणं म्हणेल हे कधी मनात आलं नव्हतं.

आणि तिनं सांगितलं ते बरोबर होतं, हे जास्त लागलं. भरलेला पोहरा हातातून सुटला की दहा-अकरा किलोचं वजन दोर घेऊन खाली धावतं. वेटोळ्याचा एक फेरा घोट्यात बसला तर माणूस थेट कठड्यावर आपटतो. ओढलेला दोर डाव्या अंगाला, पायापासून हातभर लांब पडू द्यायचा असतो. मला माहीत होतं. माहीत असून पाय तिथंच होता.

म्हणून आज बसून लिहितोय, काय काय अजून येतं ते. यादीसाठी नव्हे. मी खरंच पाव्हणा झालोय का ते बघायला.

दोराची लांबी. विहीर पस्तीस फूट, वर कठडा आणि कप्पीची उंची सहा फूट, हातात उरायला आठ-दहा फूट. पन्नास फुटांखाली दोर घ्यायचा नाही. दुसरं टोक आधी खांबाला बांधायचं, पोहरा मग सोडायचा. हा क्रम कधी उलटा करायचा नाही. नायलॉनचा दोर हलका, कुजत नाही, पण ओला झाला की घसरतो, तळवे भाजतो, आणि कायम उन्हात राहिला की भुसभुशीत होतो. काथ्या पाणी पिऊन जड होतो, पण हाताला धरतो. मला काथ्याच बरा वाटतो. दोर मधे क्वचित तुटतो, तुटतो तो गाठीपाशी. तिथं तो सदा ओला, कडीचा गंज आत मुरलेला, एकाच जागी वाकलेला. दोन महिन्यांनी शेवटची वीतभर कापून नवी गाठ मारायची, वर्षानं दोर उलटा करून दुसरं टोक पोहऱ्याला लावायचं.

बादलीच्या कडीला दोन वेढे घेऊन निरगाठ. घागरीच्या गळ्याला मात्र फास. फास वजनानं आवळतो, पण घागर पाण्याला टेकली आणि दोर सैल पडला की तोच फास उघडतो. घागरी जातात त्या ओढताना कमी, टेकताना जास्त. टेकेपर्यंत दोर ताठ ठेवायचा, टेकली की एका अंगाला हिसका द्यायचा. तोंड कलतं, बुडबुडे येतात, आवाज हलक्याचा जड होतो. तो आवाज ऐकल्याशिवाय ओढायचं नाही.

पोहरा काठोकाठ भरून घ्यायचा नाही. पाऊणच बरा. जड पोहरा हेलकावतो, दगडाला लागतो, शेवाळ आणि माती खाली पाडतो, आणि मग पुढच्या माणसाला गढूळ पाणी. पहिले दोन पोहरे अळवाला, कारण वरच्या थरात पालापाचोळा असतो. सांडलेलं पाणी परत आत जाता कामा नये, त्यासाठी तर भोवती मीटरभर ओटा आणि त्याला बाहेरच्या अंगाला उतार. आपल्या ओट्याला उत्तरेकडं भेग गेलीय. ती मी दिवाळीपासून बघतोय.

फक्त बघतोय. आबा असते तर... जाऊ दे.

कप्पीचंही तसंच. कप्पीनं वजन कमी होत नाही, दहा लिटरला दहा किलो लागतातच. फक्त वर ओढायच्या ऐवजी खाली ओढता येतं, म्हणजे अंगाचा भार कामाला येतो आणि कंबर वाचते. चाक लहान घेतलं की दोर फार वाकतो आणि त्याचे पेड आतून तुटतात, म्हणून सहा इंची. कणा झिजला की चाक डुगडुगतं, दोर खाचेतून उडून चाक आणि पत्र्याच्या मधे अडकतो, आणि भरलेला पोहरा अर्ध्यावर लोंबकळत राहतो. त्या वेळी हिसके मारायचे नाहीत. दुसऱ्यानं दोर खालून धरायचा, भार काढून घ्यायचा, मगच चाकाला हात लावायचा. एकट्यानं हे होत नाही. इथं एकट्यानं होणारी कामं तशी थोडीच.

बुडालेली घागर काढायची तर आरसा लागतो, आणि भर दुपार. काठावर बसून आरशानं उन्हाचा कवडसा आत सोडायचा. तो भिंतीवरून हळूहळू उतरतो. आधी जांभ्याची तांबडी भोकं दिसतात, मग नेच्याची पानं एकदम पोपटी होऊन उजळतात, मग काळा पाषाण ओला चमकतो. पाण्यात शिरला की कवडसा मधासारखा होतो आणि हलायला लागतो. हात स्थिर धरला की तळाची खडी दिसते, आणि कडेला कुठंतरी पितळेचा पिवळा तुकडा. मग गळ सोडायचा, घागरीच्या पलीकडं, आणि तळाला घासत अलीकडं आणायचा. वरनं आपटत बसलं की घागर आणखी गाळात रुतते. आज कवडसा सोडून बघितला. घागर नव्हती, नुसतंच बघितलं. गाळ वाढलाय.

गाळ मिरगाच्या आधी काढायला हवा. वरचा जांभा पाणी लगेच पितो आणि तितक्याच लगेच सोडूनही देतो, म्हणून आपल्याकडं एवढा पाऊस पडूनही एप्रिलमध्ये पाणी तळाला जातं. ती कामाची वेळ. पण आत उतरण्याआधी कंदील सोडायचा. विझला तर कुणी उतरायचं नाही. विझला नाही तरी कमरेला दोर आणि वर दोघं जण हवेतच. आधी पानांची फांदी दोराला बांधून वरखाली हलवून आतली हवा ढवळायची. इंजिन तर कधीच आत उतरवायचं नाही. त्याच्या धुरातल्या एका वायूला वासच नसतो, माणूस पायरीवरच बसतो आणि उठत नाही.

एवढं सगळं येतं. मग पाव्हणं का लागलं?

दुपारी कठड्यावर हात फिरवत बसलो होतो. दोरानं पाडलेल्या खाचा आहेत ना, कप्पी यायच्या आधीच्या. बोट घातलं तर पेरभर आत जातं, आत गार आणि घोटीव, काचेसारखं. त्यातली एकही माझ्या हातची नाही. पन्हाळ्याची अंधारबाव आठवली. तीन मजली बांधकाम, तळाला पाणी, आणि आता तिथं येणारे सगळे बघणारे. आपली विहीर तशी झालेली नाही, कारण आक्कांकडच्या कळश्या रोज तिच्यातून भरतात. उपसा थांबला की पाणी बसतं, वास धरतं, झऱ्याच्या तोंडाशी गाळ बसतो. विहीर राखली ती त्यांनी. मी कोल्हापुरात नळ उघडत होतो. ऑगस्ट २०१९ च्या पुरात उपसा केंद्रं पंचगंगेत गेली आणि तेच नळ कोरडे पडले, तेव्हा हीच विहीर आठवली होती. पण आठवणं म्हणजे काय पाणी काढणं नव्हे.

हे लिहिल्यावर छातीतला खडा जरा हलला. रोज येतो तो घरचा, आठवड्यानं येतो तो पाव्हणा. तिनं बघून नाव ठेवलं आणि नीट ठेवलं. पाव्हण्यानंही काही आणायचं असतं.

संध्याकाळी टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर, टाकायचं म्हणून पाणी मोजलं. सहा फूट. आठ फूट व्यासाला एका फुटात साधारण चौदाशे लिटर, म्हणजे साडेआठ हजार. हजाराला अडीच ग्रॅम, म्हणून एकवीस ग्रॅम. बादलीत थोड्या पाण्यात आधी पातळ लगदा केला, मग पाणी वाढवलं, दहा मिनिटं बसू दिलं. खाली बसतो तो चुना टाकून द्यायचा. तो आत गेला की पाणी जड होतं. वरची निवळी दुसऱ्या बादलीत घेऊन ती पाण्याखाली बुडवायची आणि दोर वरखाली, आडवातिडवा हलवायचा. मग निदान तासभर हात लावायचा नाही. रात्री टाकलं तर सगळ्यात बरं. पावडरचा डबा उघडा राहिला की तिचा जोर जातो, या खेपेला नवीन आणली.

टाकण्याआधी आक्कांच्या दारात सांगायला गेलो. सुनेला विचारलं, या दिवसांत एका दिवसाला किती काढलं तर चालतं. मला हे माहीत नव्हतं. वर लिहिलेल्या सगळ्यात हे एक नव्हतं.

"पन्नास कळश्या," ती म्हणाली. "त्याच्यावर काढलं तर सकाळी वर येत नाही, पाव्हणं."

दहा लिटरची कळशी. पन्नास म्हणजे पाचशे लिटर, आपल्या विहिरीत चार इंच. दोराला पाण्याच्या रेघेशी सुतळी बांधून ठेवलीय. पहाटेच्या गाडीच्या आधी उठून बघेन. ओट्याच्या भेगेला अर्धं पोतं सिमेंट पुरेल, पुढच्या शनिवारी आणतो. वाळू आक्कांच्या परड्यात आहे, विचारून घ्यायला हवी.