तुम्ही विचारलंत म्हणून: तीच रेकॉर्ड परत कशाला घेते मी?

घरी कुणी आलं आणि शेल्फात एकाच अल्बमच्या दोन रेकॉर्डी शेजारी शेजारी दिसल्या की हा प्रश्न येतोच. माझी वहिनी तर दर दिवाळीला विचारते, "अगं, ही आहे ना तुझ्याकडे? मग परत कशाला? आणि ती बाई काय म्हणतेय ते तरी कळतं का तुला?" तुमच्यातल्याही बऱ्याच जणांनी थोड्याफार फरकाने हेच विचारलंय, म्हणून एकदा नीट बसून सांगते. प्रश्न तसे दोन आहेत, शब्द कळत नसलेलं गाणं का ऐकायचं आणि तेच गाणं दुसऱ्यांदा विकत का घ्यायचं.

आधी शब्दांचं. मी इचलकरंजीची. आमचं घर मागांच्या शेडला लागून, मधे एक भिंत, आणि बाबांचे चार माग दिवसभर आणि पाळी असेल तेव्हा रात्रभर चालायचे. बाहेरचे पाहुणे आले की कानावर हात ठेवायचे, आम्हाला मात्र तो आवाज म्हणजे घरातली हवा होती. त्या खडखडाटात आई शेडच्या दारातून काहीतरी ओरडायची, शब्द एकही पोचायचा नाही, पण ती रागावलीय की जेवायला बोलावतेय की कुणी आलंय म्हणून सांगतेय हे आम्हाला बरोब्बर कळायचं, आवाजाच्या चढउतारावरनं. आणि लाईट गेली की सगळ्या गल्लीतले माग एकदम थांबायचे, मग इतका वेळ न ऐकू आलेलं सगळं ऐकू यायचं, शेजारच्या घरातली भांडी, लांबचं कुत्रं, स्वतःचा श्वास.

कॉलेजात हॉस्टेलवर मैत्रिणीने हेडफोन कानात घातले आणि माय ब्लडी व्हॅलेंटाइन या बँडचा 'लव्हलेस' हा अल्बम लावला, तेव्हा मला पहिल्यांदा घराची इतकी आठवण आली की मी रडले. तिला वाटलं मला त्रास होतोय, तिने बंद केलं. मी म्हटलं, लाव परत.

गिटारींच्या गोंगाटात शब्द बुडवणाऱ्या या संगीताला शूगेझ म्हणतात. हे नाव तसं चिडवण्यातनं आलं, ही मंडळी स्टेजवर मान खाली घालून उभी, पायाशी पेडल्सची रांग, म्हणून इंग्लंडच्या म्युझिक पेपरवाल्यांनी बूट बघणारे म्हणून हिणवलं. पण त्या पेडल्सकडे बघण्यात काम होतं. 'लव्हलेस' 1991 च्या नोव्हेंबरात आला, त्याआधी दोनेक वर्षं बँडचा गिटारिस्ट केव्हिन शील्ड्स एका स्टुडिओतून दुसऱ्या स्टुडिओत फिरत तो करत होता. त्याची युक्ती सांगते, कारण नुसतं 'गोंगाट' म्हणणाऱ्यांना ती माहीत नसते. गिटारच्या पुलापाशी एक दांडी असते, ती दाबली की सगळ्या तारांचा सूर एकदम खाली-वर होतो. बाकीचे वादक सूर वाजवून झाल्यावर शेवटी ती हलवतात. हा माणूस दांडी हातात धरूनच स्ट्रम करतो, त्यामुळे प्रत्येक स्ट्रोकबरोबर अख्खा कॉर्ड किंचित वाकतो आणि सरळ होतो. सूर चुकत नाही, पण एका जागी उभाही राहत नाही. उन्हात तापलेल्या रस्त्यावरची हवा कशी हलते, तसा आवाज. आणि त्याच्या खाली बिलिंडा बुचरचं गाणं. तिने सांगितलंय की बरेचदा तिचा आवाज सकाळी साडेसातच्या सुमाराला रेकॉर्ड व्हायचा, नुकता डोळा लागलेला असायचा आणि तिला उठवून गायला उभं करायचे. ते ऐकूनही येतं. शब्द अर्धवट झोपेतले, पण माया पूर्ण जागी. मला ते कळतं, वहिनी. इचलकरंजीत वाढलेल्या मुलीला ते कळतं.

आता दुसरा प्रश्न, परत कशाला.

'लव्हलेस'ची माझी दुसरी कॉपी 2018 ची आहे, शील्ड्सने स्वतः मूळ टेपवरून केलेली, मधे कुठेही डिजिटल टप्पा न आणता. 2021 मध्ये बँडचं सगळं काम डॉमिनो या लेबलकडे, म्हणजे रेकॉर्ड कंपनीकडे गेलं आणि तेव्हाही नवीन आवृत्त्या निघाल्या, म्हणजे हल्ली हा अल्बम मिळणं अवघड राहिलेलं नाही. पण मला त्या 2018 वाल्या कॉपीचं महत्त्व वेगळ्या कारणाने वाटतं. सत्तावीस वर्षांनी एक माणूस परत आपल्या टेपांपाशी बसला आणि म्हणाला की मला हे असं ऐकू येत होतं. अशा कामाला मी पैसे देते. माझ्या साध्या स्पीकरवरसुद्धा सुरुवातीचे ते ड्रमचे चार ठोके आधीच्या कॉपीपेक्षा जरा मागच्या खोलीत पडल्यासारखे वाटतात आणि गिटारी पुढच्या खोलीत, आणि तुम्ही उंबऱ्यावर उभे.

आता स्लोडाइव्ह हा दुसरा शूगेझ बँड घ्या, त्यांच्यासाठी तर मी भांडेन. इंग्लंडमधल्या रेडिंगची विशीतली पोरं, 1991 मध्ये पहिला अल्बम, 1993 मध्ये 'सूव्हलाकी'. तोपर्यंत वारं फिरलं होतं, आधी ज्यांनी कौतुक केलं तेच पेपर टवाळी करायला लागले, आणि त्या अल्बमचं एका साप्ताहिकात जे परीक्षण आलं ते आजही लोक काढून दाखवतात इतकं क्रूर होतं. 1995 मध्ये 'पिग्मॅलियन' आला, गिटारींची भिंतच काढून टाकलेला, शांत, आणि तो आल्या आल्या क्रिएशन लेबलने त्यांना सोडून दिलं. संपलं. बँडचे दोघे गायक, रेचल गॉस्वेल आणि नील हॉलस्टेड, मोहावे थ्री नावाने वेगळंच, साधं, लाकडी खुर्चीत बसून गायल्यासारखं गात राहिले.

आणि मग काय झालं बघा. 'सूव्हलाकी' कुणीतरी कुणाला तरी देत राहिलं, कॅसेट, सीडी, एमपी थ्री, हॉलंडच्या एका कंपनीने परत विनाइल काढलं, ज्यांचा 1993 मध्ये जन्मही झाला नव्हता अशी पोरं ते विकत घेऊ लागली. 2014 मध्ये बँड परत उभा राहिला, 2017 मध्ये नवा अल्बम, आणि 2023 च्या 1 सप्टेंबरला 'एव्हरीथिंग इज अलाइव्ह', जो ब्रिटनच्या चार्टवर सहाव्या नंबरला गेला, त्यांच्या उमेदीच्या काळातसुद्धा जिथे ते कधी पोचले नव्हते तिथे. हा अल्बम हॉलस्टेडने घरी सिंथेसायझरवर केलेल्या तुकड्यांतनं सुरू झाला, आणि तो अर्पण केलाय रेचलच्या आईला आणि ड्रमर सायमन स्कॉटच्या वडिलांना, दोघं 2020 मध्ये गेले. मी तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा बाबांना जाऊन सहा महिने झाले होते. त्याच्याविषयी जास्त नाही लिहीत. एवढंच की त्यात रडगाणं नाही, दुःख आहे पण खिडकी उघडी आहे.

म्हणजे रीइश्यू, जुन्या अल्बमची नवी आवृत्ती, ही काही नुसती जुनी वस्तू नव्या खोक्यात नसते हो. बरेचदा तीच बँडच्या परत येण्याची पहिली पायरी असते. ज्यांना वेळेवर कुणी ऐकलं नाही त्यांना कुणीतरी उशिरा का होईना ऐकतंय हे कळण्याचा तो एक रस्ता असतो, आणि त्यातनं त्यांना पैसे मिळतात हेही महत्त्वाचंय, ते बोलायला लोक का लाजतात कळत नाही.

पैशांवरनं ईएसजी हा बँड आठवलाच पाहिजे. इथे आपण शूगेझ सोडून डान्स-पंककडे, म्हणजे पंकचा खडबडीतपणा आणि नाचायचा ठेका एकत्र, आलो, पण मला दोन्ही एकाच घरातले वाटतात, एक म्हणजे माग चालू असतानाचा आवाज आणि दुसरा म्हणजे नुसता धोट्याचा ठोका. (धोटा म्हणजे आडवं सूत घेऊन मागात इकडून तिकडे धावतो तो, त्यातली सुताची कांडी संपली की माग थांबतो.) न्यूयॉर्कमध्ये साउथ ब्राँक्समधल्या स्क्रॉगिन्स बहिणी, रेने, व्हॅलरी, डेबोरा, मरी. मुली बाहेरच्या भानगडीत पडू नयेत म्हणून आईने त्यांना वाद्यं आणून दिली. पैसे बेताचे, शिकवणी नाही. त्यांनी काय केलं, तर बेस, ड्रम, हाताने वाजवायचे काँगा आणि आवाज, बास, आणि मधली जागा रिकामी सोडली. ती रिकामी जागाच नाचवते तुम्हाला. 1981 मध्ये मँचेस्टरच्या फॅक्टरी लेबलसाठी निर्माता मार्टिन हॅनेटने त्यांना रेकॉर्ड केलं, आणि दोन गाणी झाल्यावर म्हणाला की टेपवर तीन मिनिटं उरलीयेत, अजून काही आहे का. त्यांनी 'यूएफओ' वाजवलं. टेपचा उरलेला तुकडा वाया जाऊ नये म्हणून वाजवलेलं गाणं, आणि पुढे हिपहॉपवाल्यांनी त्याचाच तुकडा कापून, सॅम्पल म्हणतात त्याला, आपल्या गाण्यांत इतक्या वेळा उचलला, बिग डॅडी केन काय, नोटोरियस बी.आय.जी. काय, की मोजता येणार नाही. पैसे मात्र बहिणींपर्यंत पोचले नाहीत. 1992 मध्ये त्यांनी एक ईपी, म्हणजे थोड्या गाण्यांची छोटी रेकॉर्ड, काढला, त्याचं नावच मुळी असं की सॅम्पलच्या श्रेयाने आमची बिलं भरली जात नाहीत. 2000 साली लंडनच्या सोल जॅझ लेबलने त्यांची गाणी एकत्र करून काढली तेव्हा कुठे जगभरातल्या लोकांना कळलं की हा ओळखीचा आवाज कुणाचा आहे. माझ्याकडे ती पण आहे आणि 1983 च्या अल्बमची नवी आवृत्ती पण आहे. वहिनी म्हणते गाणी तीच. हो, काही गाणी तीच आहेत. आणि ती त्यांची आहेत.

पायलॉन या बँडबद्दल खूप लिहायचंय पण थोडक्यात. जॉर्जियातल्या अथेन्स गावची आर्ट कॉलेजची पोरं, त्यातली काही जणं ड्यूपाँटच्या कारखान्यात कामाला, 1980 चा 'गायरेट' हा अल्बम. व्हनेसा ब्रिस्को गाते म्हणण्यापेक्षा सूचना देते, कारखान्यात देतात तशा, आणि मग मधेच अशी किंचाळते की पाठीतनं सळक जाते. 1983 मध्ये त्यांनी आपणहून थांबवलं, मजा येईनाशी झाली म्हणून. 2007 मध्ये 'गायरेट' परत कुणी काढला, तर न्यूयॉर्कच्या डीएफएने, म्हणजे ज्या लेबलने 'द रॅप्चर' आणि एलसीडी साउंडसिस्टम या बँडच्या रेकॉर्डी काढून डान्स-पंकची नवी लाट आणली त्यांनीच. मला ही गोष्ट फार आवडते. आपण ज्यांच्याकडून शिकलो त्यांची रेकॉर्ड बाजारात नाही, तर आधी ती आणू. गिटारिस्ट रँडी ब्यूली 2009 मध्ये गेला, म्हणजे त्याला ते बघायला मिळालं. 2020 चा मोठा बॉक्स सेट मात्र नाही मिळाला.

आता एक सावध करते, कारण मी फसलेय. दोन वर्षांपूर्वी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून फार स्वस्तात एका जुन्या बँडची रंगीत विनाइल घेतली. खोकं झकास, आतली रेकॉर्ड लावली तर वरचे आवाज खरखरीत आणि बेस नुसता फुगलेला, साध्या एमपी थ्रीवरनं छापल्यासारखा. नीट बघितलं तर मागे लेबलचं नाव नाही, मास्टरिंग, म्हणजे छापण्याआधी आवाज नीट बसवण्याचं काम, कुणी केलं ते नाही, काही नाही. बँडला पत्ताही नसणार. तेव्हापासून मी आधी मागची बाजू वाचते, हक्क कुणाकडे, टेप कुठली, आणि शक्यतो बँडकॅम्प या वेबसाइटवरच्या बँडच्या स्वतःच्या पानावरून घेते. तिथे डिजिटल अल्बमवर साधारण 15 टक्के आणि रेकॉर्ड-टीशर्टवर 10 टक्के कंपनी ठेवते, आणि 2020 च्या मार्चपासून ठरावीक शुक्रवारी तेही घेत नाही. मी खरेदी त्या शुक्रवारांसाठी राखून ठेवते.

आणि नवीन काही ऐकतच नाही असं नाहीये हं. हल शहरातली पोरं आहेत, नाव नुसत्या व्यंजनांत लिहितात पण उच्चार 'बेडरूम', 2020 मध्ये अगदी स्लोडाइव्हच्या गल्लीतनं सुरुवात केली आणि 2025 च्या 'मायक्रोटॉनिक'मध्ये क्लबच्या बीटपर्यंत पोचलीत, म्हणजे माझी दोन्ही घरं एकाच अल्बमात. ब्रुकलिनच्या मॉडेल अ‍ॅक्ट्रेस या बँडची पोरं, 2023 चा 'डॉग्जबॉडी' आणि 2025 चा 'पिरूएट', गिटार अशी वाजवतात की ती तारवाद्य नसून पत्रा आहे असं वाटावं, पण पाय थांबत नाहीत. त्यांच्या 'सिंड्रेला' गाण्यात गायक कोल हेडन आपल्या पाचव्या वाढदिवसाबद्दल गातो, त्याला सिंड्रेलाची पार्टी हवी होती आणि ऐन वेळी त्याने ते सांगितलंच नाही. एवढ्या कर्कश आवाजात इतकी हळवी गोष्ट. हे अल्बम आत्ताच घ्या, वेळेवर, वीस वर्षांनी रीइश्यूची वाट बघू नका.

सुरुवात कुठून करू असं विचाराल तर रविवारी दुपारी 'सूव्हलाकी', जेवून पडल्यावर, आवाज शेजाऱ्यांना चालेल तेवढा मोठा. भांडी घासताना ईएसजी.

परवा आई आली होती पुण्याला. आता ऐकायला थोडं कमी येतं तिला, इतकी वर्षं मागाशेजारी काढली त्याचं ते. मी स्वयंपाकघरात होते आणि बाहेर 'यूएफओ' लावलेलं. आई सोफ्यावर डोळे मिटून बसली होती, मला वाटलं झोपली. गाणं थांबलं आणि तिने डोळे न उघडताच हाक मारली, "कांडी संपली बघ गं."