वाणाचा डबा

आमच्या स्वयंपाकघरात सध्या चार उमेदवार मुक्कामाला आहेत. एक तूरडाळीवर, एक साखरेवर, दोघं पोह्यांच्या डब्यांवर. त्यातले दोघं एकाच जागेसाठी हातघाईवर आले होते. फळीवर मात्र खांद्याला खांदा लावून बसलेत. सगळे डबे हळदीकुंकवाच्या वाणातले. स्टिकर भिजवून निघत नाही, घासून बघितलंय.

आता खरं तर आमच्या प्रभागातली जागा महिला राखीव. 2011 पासून राज्यातल्या स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा बायकांच्या. पण डब्यावर बघाल तर बाई कोपऱ्यात, हात जोडून, पोस्टाच्या तिकिटाएवढी, आणि मधोमध तिचे यजमान.

संक्रांत ते रथसप्तमी हे हळदीकुंकवाचे दिवस. निवडणुकीचा वास आला की सांगलीत ते श्रावणातही होतं. मंडप, लकी ड्रॉ, पैठणीचा खेळ, कानाचे पडदे फाटतील असा स्पीकर. मी जाते. मला आवडतं, खोटं कशाला बोलू? संध्याकाळी सात वाजता कुकर न लावता घराबाहेर पडावं आणि कुणी ‘कुठं निघालीस’ म्हणू नये, अशी निमित्तं वर्षातून किती येतात?

फक्त आमंत्रणाच्या कागदावर ‘सर्व सुवासिनींनी’ असं असतं, तिथं मला ठेच लागते. घरात सासूबाई असतात. त्यांना मी आत्या म्हणते. वय 74. मामा, म्हणजे माझे सासरे, गेले तेव्हा आत्या चाळिशीच्या आत होत्या. पंधरवड्यात त्या मार्केट यार्डात हळद निवडायला जाऊ लागल्या आणि पुढं पंचवीस वर्षं जात राहिल्या. हंगामात कोपरापर्यंत पिवळ्या. नखं पिवळी, पदर पिवळा, चहाच्या कपाची कडसुद्धा पिवळी. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते असल्या हातांवरून गेलेल्या हळदीला. त्याच हातांना हळदीकुंकवाच्या मंडपात मात्र मज्जाव. आणि कुंकू तरी वेगळं काय असतं? हळदीलाच चुना लागला की ती लाल होते.

मी हे सगळं तावातावानं सांगत होते, तर आत्या म्हणाल्या, “तू जा गं. मला काय करायचंय तिथं? भांडं देणार असतील तर मोठं बघून घे.”

आत्यांचं माहेर शिरोळ तालुक्यातलं. त्याच तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीनं मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचं नाही. त्याच महिन्यात सरकारनंही परिपत्रक काढून इतर गावांनी कित्ता गिरवावा असं सांगितलं. मी पेपर मोठ्यानं वाचून दाखवला. आत्यांना माहेरचा अभिमान वाटला, पण लगेच म्हणाल्या, “ठराव चांगला हाय. पर कुंकू लावाय कोण येणार, सरपंच?”

मतदार चिठ्ठीवाला पोरगा मात्र बरोबर आला. आत्यांचं नाव, वय, खोली क्रमांक, सगळं बिनचूक. रिक्षा पाठवू का, असंही विचारून गेला.

गेल्या खेपेला मंडपाशेजारीच महिलांचं आरोग्य शिबिर होतं. तिथं सुवासिनीची अट नव्हती, म्हणून मी आत्यांना ओढूनच नेलं. बोटाला सुई टोचली. बाईचं हिमोग्लोबिन निदान 12 हवं म्हणतात. आत्यांचं 11.8 भरलं, माझं 9.2. नर्सबाईंनी विचारलं, उपास करता का? मंगळवार, संकष्टी, नवरात्र, वटपौर्णिमा. मी मोजत होते नि आत्या शेजारी गालात हसत होत्या. ज्याच्या आयुष्यासाठी मी पोट मारते तो गृहस्थ घरी संकष्टीला खिचडीची दुसरी वाटी मागून घेतो. गणपतीवर माझी श्रद्धा आहे, कृष्णाकाठच्या देवळात मी अजूनही जाते. पण मंगळवार सोडलाय. अजून तरी काही अनिष्ट घडलेलं नाही, फक्त जिना चढताना दम कमी लागतो.

त्या दिवशी मंडपात एका मुलीनं तबक घेऊन चुकून आत्यांपुढं बोट केलं. मागनं कुणीतरी तिला “अगं, त्या…” म्हणालं. पोर गोरीमोरी झाली. आत्यांनी तबकातली हळद चिमटीत घेतली, चोळली, नाकाशी नेली.

“ही राजापुरी न्हाई,” म्हणाल्या. “रंग घातलाय. लावू नगंस कुणाला, खाज सुटंल.”

वाण मात्र त्यांनी स्वतः हात पुढं करून घेतलं. त्या डब्यात आता आमची हळकुंडं असतात. फळीवर ठेवताना आत्या उमेदवाराचं तोंड भिंतीकडं फिरवतात.